रेव्हरंड टिळकांचा ख्रिस्त

एखाद्या कवीस दोन प्रकारची कीर्ती लाभावी आणि त्या दोन्ही कीर्तींची एकमेकींशी तोंडओळखही नसावी, असा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच आढळतो. कै. नारायण वामन टिळक यांच्या बाबतीत तो आढळतो. मराठी शाळेत शिकलेल्या माणसास ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ठाऊक असतात. जखमी पक्षिणीवरील त्यांची कविता पाठ म्हणताना ज्याचा गळा एकदा तरी दाटून आला नाही असा मुलगा विरळा. दुसरीकडे, महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळींच्या उपासनेत ज्यांची पदे व अभंग आजही गाइले जातात ते रेव्हरंड टिळक. पहिल्या वाचकास दुसऱ्या टिळकांविषयी इतकेच ठाऊक असते की, ते पुढे ख्रिस्ती झाले. आणि हे वाक्य तो किंचित आवाज उतरवून उच्चारतो. दुसऱ्यास पहिले टिळक ठाऊक असतात, त्यांचा अभिमानही असतो. पण ती फुले आणि ती पाखरे आपल्या भक्तीच्या कामाची आहेत असे त्यास वाटत नाही. दोघांनी आपापला अर्धा टिळक वाटून घेतला आहे, आणि या वाटणीविषयी कोणाचीच तक्रार दिसत नाही.

माझी आहे. ती सुचली मात्र इंग्रजीच्या तासाला. बी. ए. च्या वर्गात जॉर्ज हर्बर्ट शिकवीत होतो. सतराव्या शतकातला हा इंग्रज धर्मोपदेशक एका खेड्यातल्या मंडळीचा पाळक होऊन राहिला, आणि त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १६३३ साली, ‘द टेंपल’ हा त्याचा संग्रह निघाला. हर्बर्टचा देव ज्यांस मान्य नाही असेही लोक त्याची कविता जिवाभावाने वाचतात; एम्प्सनसारखा कडवा नास्तिक टीकाकार त्याच्या एका कवितेवर पानेच्या पाने लिहितो. हे सांगत असता एका मुलीने विचारले, की आपल्याकडे असा कोणी आहे काय? मी संतांची नावे घेणार, इतक्यात मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, ‘आमचे टिळक आहेत.’ सारा वर्ग वळून पाहू लागला. बहुतेकांस प्रथम पुण्याचे लोकमान्य आठवले, हे उघडच आहे. आणि खुलासा झाल्यावर कोणी तरी म्हणाले, ‘म्हणजे ते फुलांचे?’ त्या ‘आमचे’ आणि त्या ‘फुलांचे’ या दोन शब्दांमध्ये जे अंतर पडले आहे, ते खरोखर टिळकांच्या काव्यात आहे, की आपण वाचकांनी ते पाडले आहे, एवढाच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

चरित्राचा तपशील बहुतेकांस परिचित असल्यामुळे तो आवश्यक तेवढाच देतो. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील करड्या शिस्तीचे. आई जानकीबाई हिला कवितेचा नाद होता, आणि ती मुलाच्या लहानपणीच वारली. पुढे नाशकास संस्कृताचे अध्ययन, जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी विवाह, आणि मग पुष्कळ वर्षे गावोगाव भ्रमंती. एक धर्म असा स्थापावा की ज्यात जातिभेद नसेल आणि देशाचे कल्याण होईल, असे विचार या काळात त्यांच्या डोक्यात घोळत होते. बाप्तिस्म्यापूर्वी सुमारे दोन वर्षे नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर बोलणे झाले. गृहस्थांनी नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून ठेवले. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले ते जवळजवळ गृहस्थाला दिलेल्या शब्दाखातर. पण गिरिप्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी माहेरच्या आसऱ्याला राहिली, मुलगा तिच्यापाशी. जवळपास पाच वर्षांनी, १९०० साली, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या संस्थांतून अध्यापन, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन, १९१७ साली मिशनच्या चाकरीचा त्याग आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत मृत्यू, असा हा सत्तावन्न वर्षांचा जीवनक्रम आहे.

टिळक प्रचारक झाले तेव्हा मराठीत ख्रिस्ती वाङ्मय नव्हते असे नाही. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून चालू होते. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाला कथेचे रूप दिले होते, आणि त्या पुस्तकाचे ऋण आपल्या कादंबरीच्या इतिहासाने मान्यही केले आहे. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात टिळकांच्या आधीच पाडला होता. तथापि उपासनेतील पुष्कळशी पदे इंग्रजीवरून उतरविलेली असत आणि ती विलायती चालींवर म्हणावी लागत. मराठीचे ऱ्हस्वदीर्घ त्या चालींत बसत नसत. मग ऱ्हस्व ओढावयाचे, दीर्घ आखडावयाचे, आणि अर्थाने मागून यावयाचे. गाणाऱ्याचा भाव खरा असे, पण शब्द भाड्याचे असत. खेड्यातील महार-मांग बंधूंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. त्यांच्या कानांत पिढ्यानुपिढ्या अभंग होता, आणि देवळात मात्र त्यांच्या हाती दुसऱ्याच देशाच्या चाली पडत होत्या.

टिळकांनी हा व्यवहार उलटा केला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. प्रचारकांच्या गोटात ते मोठ्या संतोषाने सांगितले जातात. कारण पूल ही ओलांडून मागे टाकावयाची वस्तू आहे असा त्यांचा समज असतो. पण ‘अभंगांजली’ लक्षपूर्वक वाचणाऱ्यास उलटाच प्रत्यय येईल. टिळकांनी पूल ओलांडला खरा, पण बिऱ्हाड पुलावरच केले. अभंगाचा छंद त्यांनी घेतला एवढ्यावरच ही गोष्ट थांबत नाही. छंद तर कोणीही घेतो. देवाशी बोलण्याची सारी रीतच त्यांनी वारकऱ्यांकडून घेतली. पायांवर मिठी, नामाची गोडी, संतसंगाची हाव, आपण दास आणि तोच धनी हा भाव, हे सर्व तेथे आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, पापाचे प्रायश्चित्त, न्यायाचा दिवस इत्यादी ज्या विषयांनी धर्मोपदेशकांची भाषणे भरलेली असतात, ते त्यांच्या उत्तम अभंगांत फारसे डोके वर काढीत नाहीत. ते जेथे डोके वर काढतात, तेथे अभंग बहुधा पडतो.

या रीतीचा गाभा म्हणजे मातृभाव. टिळक ख्रिस्तास माउली म्हणतात. गुरू म्हणतात तेव्हाही ती आईच असलेली गुरू असते. ख्रिस्ताविषयी अशी भाषा युरोपात कोणी केलीच नाही असे नव्हे. चौदाव्या शतकातील नॉर्विचच्या ज्युलियन नामक साध्वीने ती केली आहे, आणि माझ्यासारख्या इंग्रजी शिकविणाऱ्यास येथे तिचे नाव घेण्याचा मोह आवरत नाही. पण तेथे तो एका एकान्तवासिनीचा विशेष अनुभव आहे. मुख्य प्रवाहात देव हा पिता आहे, राजा आहे, न्यायाधीश आहे. महाराष्ट्रात नेमके उलट आहे. येथे विठ्ठलाला ‘विठाई’ म्हणताना आणि ज्ञानदेवांना ‘माउली’ म्हणताना कोणास काही विशेष केल्यासारखे वाटत नाही. टिळकांनी ख्रिस्तास जी हाक मारली ती नॉर्विचची नव्हे, पंढरपूरची आहे. आणि ती मारताच ख्रिस्त हा मराठी मनास समजू लागतो. अमेरिकेहून आलेल्या विद्वान मिशनऱ्यांना अनेक दशकांच्या वादविवादांनी जे साधले नव्हते, ते एका संबोधनाने साधले. वादात प्रतिपक्षी उत्तर देतो. आईला मारलेल्या हाकेस उत्तर कोण देणार?

आता त्या पक्षिणीकडे वळू. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आपण दयेचा पाठ म्हणून मुलांकडून घोकून घेतो. शिकाऱ्याने घायाळ केलेली एक पक्षीण पडत, धडपडत, डोळ्यांवर झापड येत असतानाही घरट्यापर्यंत पोहोचते. पिलांना शेवटचा घास देते, शेवटचे दोन शब्द बोलते आणि प्राण सोडते. वृत्त पृथ्वी आहे. या वृत्ताची चाल मुळातच लचकत, पुन्हा सावरत जाणारी असल्याने पक्षिणीचे पडणे आणि उठणे अर्थाआधी कानाला कळते. टिळकांच्या कारागिरीचा असा दुसरा नमुना दाखविणे कठीण आहे. परंतु मला विचारावयाचे आहे ते निराळेच. ज्याचा काही अपराध नाही असा एक जीव. त्याच्या अंगावर जखम. मरणाच्या दारातही ज्याला स्वतःची नव्हे तर लेकरांची चिंता. आणि जो मरता मरता त्यांच्या मुखी अन्न घालतो. हे चित्र टिळकांच्या अभंगांच्या वाचकाने यापूर्वी कोठे पाहिले आहे?

कोणी म्हणेल की मी त्या गरीब पाखराच्या गळ्यात क्रूस अडकवीत आहे. तसे नाही. ही रूपककविता आहे असे मी म्हणत नाही, आणि टिळकांच्या मनात लिहिताना ख्रिस्त होता असेही म्हणत नाही. कविता बाप्तिस्म्याच्या आधीची की नंतरची, यावरही माझे म्हणणे अवलंबून नाही. म्हणणे इतकेच, की दोन्ही ठिकाणी कल्पना करणारे मन एक आहे. जखमी माता ही या कवीच्या मनातील अगदी आतली मूर्ती होती. बालपणी आई गमावलेल्या आणि बापाचा कठोरपणा सोसलेल्या मुलाच्या मनात ती कशी बसली असेल, याचे अनुमान करण्यास मानसशास्त्राच्या ग्रंथांची गरज नाही. अशा मनुष्याच्या हाती आगगाडीच्या डब्यात एक पुस्तक पडले, आणि आपण जिला आयुष्यभर शोधीत होतो तीच ही, असे त्यास वाटले. म्हणून, टिळक ख्रिस्ती झाले आणि मग त्यांची कविता धर्माच्या कामी लागली, ही जी सरधोपट मांडणी आपण करतो ती मला उलटी वाटते. त्यांच्या कवितेनेच त्यांचा ख्रिस्त निवडला. मिशनने दिलेल्या ख्रिस्तात पिता, राजा, न्यायाधीश सर्वच होते. त्यांतून त्यांनी माता उचलली. शाळेतील मुले जे पाठ म्हणतात आणि मंडळीत जे गाइले जाते, ते एकाच झऱ्याचे पाणी आहे.

हे मान्य केले तरी टिळकांच्या धार्मिक कवितेचे दोष झाकण्याचे कारण नाही. ते फार लिहीत आणि भराभर लिहीत. उपासनेसाठी, सणासाठी, ‘ज्ञानोदया’च्या अंकासाठी निकड लागली की पद तयार होई. अशा रचनांतून एकच भाव, एकच यमक, एकच उपमा पुन्हा पुन्हा भेटते. काही ठिकाणी पद्याच्या आत चक्क व्याख्यान चालू असते. पण हा दोष वरवरचा आहे. निवड केली की तो जातो. खरा दोष याहून खोल आहे. तुकोबांचा पूल म्हणावा, आणि तुकोबांचे जे सर्वांत मोठे धन, ते म्हणजे देवाशी भांडण, तेच नेमके मागे ठेवावे, असे टिळकांच्या हातून झाले आहे. तुकोबा विठ्ठलास शिव्या देतात, त्याचा हिशेब मागतात, तू आहेस की नाहीस असे त्याच्या तोंडावर विचारतात. आणि या साऱ्या झगड्यातून जेव्हा शान्ती येते तेव्हा ती कमावलेली असते. टिळकांच्या अभंगांत शान्ती बहुधा पहिल्या चरणापासूनच हजर असते. ज्याला सापडले आहे अशा माणसाची ती वाणी आहे. त्यांच्या जीवनात झगडा नव्हता असे कोण म्हणेल? जातीने टाकले, पत्नी आणि मुलगा दुरावले, ज्या मंडळीत आले तिच्याशीही पुरते जमले नाही. पण हे सारे देवासमोर उभे करून त्याचा जाब विचारावा, हे त्यांच्या अभंगास सुचले नाही. प्रचारकाने आपल्या धन्याची अब्रू चव्हाट्यावर आणू नये, अशी काही भावना आड आली असेल काय? मला तसे वाटते. आणि प्रचारकाने कवीचे जर कोठे नुकसान केले असेल तर ते येथे. हर्बर्टही पाळकच होता, पण तो आपल्या देवासमोर मेजावर मूठ आपटतो. अखेरच्या वर्षांतील काही अभंगांत मात्र ओढ पुन्हा तीव्र होते, भेटीने भूक शमण्याऐवजी वाढते, आणि तेथे टिळक आपल्या गुरूच्या अगदी जवळ जातात.

ते भांडण मराठी साहित्यास मिळाले, पण वेगळ्या हाताने. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. लग्नानंतर पतीच्या नादाने जेमतेम अक्षरओळख झालेली ही स्त्री. बापाच्या सोवळ्याच्या वेडात वाढलेली. नवरा बाटला ही बातमी जिच्यावर विजेसारखी कोसळली. तिने आपल्या पतीचे चरित्र म्हणून जे लिहिले, ते आपल्या भाषेतील आत्मचरित्रांचे शिखर ठरले. तिच्या पुस्तकातील टिळक रागीट आहेत, भोळे आहेत, पैसा घरात टिकू न देणारे आहेत. दुष्काळातील पोरकी मुले घरी आणून पुढची सारी जबाबदारी पत्नीवर टाकणारे आहेत. ती त्यांच्यावर चिडते, रडते, त्यांना सोडते, त्यांच्याशिवाय राहू शकत नाही, आणि या सर्वांवर हसतेही. तुकोबा जसे विठ्ठलाशी भांडतात तशी ती टिळकांशी भांडते. बाप्तिस्म्यापर्यंतचा तिचा मार्ग कोणत्याही शास्त्रार्थातून गेलेला नाही. सोवळेओवळे आणि जातीचा विटाळ यांचे ओझे मनावरून कसे उतरले, हे ती अशा साधेपणाने सांगते की धर्मान्तरावरील जाडे ग्रंथ त्यापुढे फिके पडावेत.

मात्र या पुस्तकाच्या यशाचा एक परिणाम झाला, आणि तो टिळकांस अनुकूल झाला नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या वाचकास टिळक इतके आवडतात की त्यास ते वाचण्याची आवश्यकताच उरत नाही. विक्षिप्त, प्रेमळ, हसू आणणारा, डोळे ओले करणारा असा एक गृहस्थ आपल्या परिचयाचा झाला, आता त्याच्या अभंगांचे काय एवढे? पत्नीच्या गद्याने पतीच्या पद्यास झाकून टाकले. यात तिचा दोष मुळीच नाही. आळस आपला आहे.

‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याची गोष्टही याच घरातली. टिळकांनी आरंभ केला, थोडेच अध्याय झाले आणि ते गेले. बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहिला, आणि दोघांच्याही पश्चात १९३८ साली चिरंजीव देवदत्त टिळक यांनी तो प्रसिद्ध केला. ग्रंथ म्हणून तो एकजीव झाला आहे असे माझे मत नाही. पण त्याच्या निमित्ताने एक तुलना करण्याजोगी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाची मराठी आजही मन मोहून टाकते. परक्याने आपल्या भाषेवर इतके प्रेम केल्याचे उदाहरण विरळा. परंतु तो ग्रंथ कोणत्या परिस्थितीत जन्मला हे विसरून चालणार नाही. गोव्यात पोर्तुगिजांची सत्ता होती. देवळे पाडली गेली होती, जुनी पुराणे लोकांच्या हातांतून काढून घेतली गेली होती. हात रिकामे झालेल्या नवख्रिस्त्यांनी वाचावयास काही तरी मागितले, तेव्हा हे नवे पुराण आले. त्या गोड ओव्यांच्या पाठीशी राजदंड उभा होता. टिळकांच्या पाठीशी काय होते? इंग्रजी राज्य होते हे खरे, मिशनचा पगार होता हेही खरे, आणि पोटासाठी बाटला हा टोमणा त्यांना ऐकावा लागला. पण १८९५ साली विद्वान चित्पावन ब्राह्मणास ख्रिस्ती होऊन मिळावयाचे ते काय, आणि गमवावयाचे ते काय, याचा हिशेब मांडणे कठीण नाही. शिवाय १९१७ साली त्यांनी तो पगारही सोडला. स्टीफन्सने रिकाम्या केलेल्या हातांत पुराण ठेवले. टिळकांनी आधी स्वतःचे हात रिकामे केले. धर्मप्रचार या एकाच नावाखाली आपण ज्या दोन गोष्टी बसवितो, त्या इतक्या भिन्न असू शकतात. एकीचा राग दुसरीवर काढणे अन्यायाचे आहे. एकीच्या पुण्याईने दुसरी झाकणेही तसेच.

पगार सोडून टिळक साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसमाज उभारू लागले. ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करणाऱ्या कोणासही त्यात प्रवेश होता. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. ही कल्पना त्या काळी दोन्हीकडच्या लोकांस खटकली. मंडळीस वाटले, मग चर्चची आवश्यकता काय. हिंदूंस वाटले, जाळे तेच, फक्त विणकर देशी. दीड-दोन वर्षांतच टिळक गेले आणि दरबार ओसरला. जॅक विन्स्लो या इंग्रज पाळकाने, ज्याने पुढे टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. त्यात टिळकांच्या स्वप्नाचा अंश होता. पुण्यातील त्या आश्रमात १९२७ साली व्हेरिअर एल्विन आला, आणि पुढे प्रचार सोडून आदिवासींचा झाला, हीही एक मौजेची परंपराच म्हणावयाची.

पण मला दुसरीच एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाने आपली कविता म्हटली, आणि तो ‘बालकवी’ झाला. पुढे काही काळ हा मुलगा टिळकांच्या अहमदनगरच्या घरी पोटच्या मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्यास जेवू घातले, टिळकांनी त्याची कविता ऐकली, दुरुस्त केली, वाढविली. हाडाच्या प्रचारकाच्या घरात राहून हा मुलगा ख्रिस्ती झाला नाही. १९१८ साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून त्याचा अकाली अन्त झाला, तोपर्यंत तो जसा होता तसाच होता. मिशनच्या वार्षिक अहवालात अशा मुलास कोणते सदर मिळणार? तरीही, टिळकांनी महाराष्ट्रास दिलेल्या देणग्या मोजावयाच्या झाल्या तर मी त्या मुलाचे नाव वरच्या ओळीत लिहीन. दरबार साताऱ्यास स्थापन होण्यापूर्वी दहा वर्षे तो अहमदनगरच्या स्वयंपाकघरात भरतच होता.

टिळकांच्या मृत्यूस शंभर वर्षे पुरी झाली त्यानंतर काही महिन्यांनीच, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुबोध बायबल’चे कर्ते. त्यांच्या निवडीस काही मंडळींनी विरोध केला, आणि त्यांचा धर्म हेच त्या विरोधाचे कारण होते. संमेलन पार पडले, भाषणही झाले. पण त्या दिवसांत वृत्तपत्रांतून जो वाद झाला त्यात टिळकांचे नाव वारंवार निघाले, आणि ते कसे निघाले हे पाहण्यासारखे होते. पाठीराखे म्हणत, टिळकही ख्रिस्ती होते, तरी त्यांनी किती सुंदर कविता लिहिली! या ‘तरी’ने मी चमकलो. हितचिन्तकांनीही तेच अंतर गृहीत धरले होते. ख्रिस्ती असूनही कवी. ते ख्रिस्ती असल्यामुळे आणि कवी असल्यामुळे एकच मनुष्य होते, हे म्हणावयास त्या गदारोळात कोणास फुरसत नव्हती.

मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याची हकीकत अपुरी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या आजीचे ‘उपासना संगीत’ आणून माझ्या मेजावर ठेविले. पुठ्ठा सुटलेला, पाने पिवळी पडलेली, आणि टिळकांच्या कित्येक अभंगांपुढे शिसपेन्सिलीने बारीक फुल्या केलेल्या. आजीला अक्षरओळख बेताचीच होती, असे तो म्हणाला. फुली म्हणजे पाठ झाला. मी हर्बर्ट बाजूला ठेवला. एका मुलीकडून पक्षिणीची कविता म्हणवून घेतली; ती शाळेत शिकलेली सर्वांनाच येत होती, आणि अर्धा वर्ग तिच्याबरोबर पुटपुटू लागला. नंतर त्या मुलास आजीच्या फुलीचा एखादा अभंग म्हणावयास सांगितले. त्याने मातृगुरूचा निवडला, आणि वाचण्याऐवजी तो गाइला, कारण त्यास तो वाचता येतच नव्हता, गाताच येत होता. संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्या पहिल्या मुलीने विचारले, ‘सर, यांतले त्यांनी आधी कोणते लिहिले?’